जहाज फुटल्यावर सुरू होणारा खेळ

नेमबाजीचा खेळ म्हणजे बोटांचा वेग, असं मानणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय. माझी बोटं कधीच चपळ नव्हती. पडद्यावर एकदम गोळ्यांचा सडा पडला की मी गोंधळते, नको त्या बाजूला सरकते आणि संपते. तरीही अंतराळातल्या शूटर खेळांची एक मालिका मी इतकी वर्षं धरून बसले आहे, आणि ती सोपी मुळीच नाही. ग्रेडियस. कोनामी या जपानी कंपनीनं 1985 साली आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांसाठी काढलेला, जपानबाहेर ‘नेमेसिस’ नावानं गेलेला खेळ. जहाजाचं नाव विक वायपर. पांढरंनिळं, पुढे दोन सुळे काढलेलं, बघता क्षणी ओळखू येणारं.

खेळ नवा असलेल्यांना आधी तळाची पट्टी समजावून सांगावी लागते, कारण सगळा जीव तिच्यात आहे. पडद्याच्या तळाशी सहा घरं असतात: स्पीड अप, मिसाइल, डबल, लेझर, ऑप्शन आणि शेवटी नुसतं प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह म्हणजे ढाल. शत्रूंची एखादी तुकडी पूर्ण मारली किंवा लाल रंगाचा शत्रू टिपला की एक कॅप्सूल मागे राहते. ती उचलली की पट्टीवरचा उजेड एक घर पुढे सरकतो. बस्स. हाती काहीच लागत नाही. हव्या त्या घरावर उजेड पोचला की दुसरं बटण दाबायचं, मग ती वस्तू मिळते आणि पट्टी पुन्हा कोरी होते. म्हणजे वेग एका कॅप्सूलला पडतो, मिसाइल दोनला, ऑप्शन पाचला.

बाकीच्या शूटर खेळांत वस्तू उचलली की ती तुमची. इथे उचलल्यावर विचार सुरू होतो. तीन कॅप्सूल जमल्यात, डबल घेऊन टाकू का? डबल म्हणजे एक गोळी सरळ आणि एक तिरकी वर. छतावरच्या तोफांना बरी पडते. पण अजून एक जमवली तर लेझर येईल, आणि लेझर घेतला की डबल जातो, दोन्ही एकत्र मिळत नाहीत. अजून दोन जमवल्या तर ऑप्शन. तोपर्यंत जहाज रांगत राहणार आणि समोरून लाट येणार. शिवाय एक कॅप्सूल चुकून जास्त उचलली की उजेड पुढे निघून जातो आणि पुन्हा पूर्ण फेरा मारावा लागतो. म्हणून ग्रेडियसमध्ये कॅप्सूल चुकवावीही लागते. मुद्दाम. शत्रूच्या गोळीला द्यावी तशी बक्षिसालाही बगल द्यावी लागते, हे मला दुसऱ्या कुठल्या शूटरमध्ये इतकं ठळक आढळलेलं नाही. वाटेत मधूनच निळी कॅप्सूलही येते, ती पडद्यावरचे शत्रू साफ करते. ती मी हावरटासारखी उचलते, त्यात विचारबिचार काही नाही.

स्पीड अपचं घर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवं. एकही घेतला नाही तर जहाज चिखलात रुतल्यासारखं. एक घेतला तर जेमतेम. दोन माझ्यासाठी बरोबर. तीन घेणारे माझ्यापेक्षा धीट. त्याच्या पुढे गेलं की बोट टेकवताच जहाज थेट भिंतीवर. वेग परत देण्याची सोय नाही.

आता ऑप्शन. माझ्या मते आर्केडच्या इतिहासातली ही सर्वांत देखणी कल्पना आहे, आणि हे मी पक्षपातानं म्हणते आहे याची जाणीव ठेवूनच म्हणते. ऑप्शन म्हणजे केशरी प्रकाशाचा एक लहान गोळा. तो तुमच्या जहाजाच्या मागून, जहाज जिथून गेलं त्याच वाटेनं येतो. तुम्ही झाडाल ते तोही झाडतो. त्याला गोळी लागत नाही, भिंत लागत नाही. असे चार मिळवता येतात. आणि खरी मेख अशी की तुम्ही थांबलात की तेही जिथल्या तिथे थांबतात. म्हणजे जहाज वर-खाली हलवून चौघांना उभ्या रांगेत पसरवता येतं. पुढे जाऊन मागे आलात तर ते तुमच्या पुढे राहतात. एखाद्या अरुंद खाचेच्या तोंडाशी ते पेरून ठेवायचे आणि स्वतः मागे, भिंतीच्या आडोशाला बसायचं. तुमचा भूतकाळच तुमची फौज होतो. माझ्यासारख्या मंद बोटांच्या माणसाला हे वरदान आहे, कारण इथे दोन सेकंद आधी कुठे होतो याचं भान असलं की पुरे.

चार ऑप्शन, लेझर, मिसाइल आणि ढाल असा पूर्ण साज चढला की ग्रेडियस काही मिनिटं जवळपास मवाळ वाटतो. बिग कोअर नावाचं ते चपटं बॉस जहाज, म्हणजे स्टेजच्या शेवटी येणारा मोठा शत्रू, समोर आलं तरी घाबरायला होत नाही. त्याच्या पोटात एक निळा गाभा असतो आणि त्याच्यासमोर एकामागे एक पडदे. ते फोडत आत जायचं. पाच लेझर एका रेषेत आणून पडदे कापत जाण्यात एक समाधान आहे.

आणि मग एक फुटकळ गोळी लागते.

होत्याचं नव्हतं होतं. जहाज मागच्या चेकपॉइंटवर, म्हणजे खेळ जिथून परत सुरू होतो त्या ठरलेल्या जागी, रांगणारं, एक साधी गोळी झाडणारं. चारही ऑप्शन गेले. खेळाडूंमध्ये याचं नाव ‘ग्रेडियस सिंड्रोम’ आहे: एकदा मेलं की पुन्हा मरत राहायचं, कारण पूर्ण साजाच्या हिशेबानं रचलेल्या जागेत आता उघडंवाघडं उभं राहायचंय. जीव शिल्लक असून उपयोग नसतो. अनेकांनी ही मालिका नेमकी इथेच सोडली आणि मी त्यांना दोष देत नाही. खेळाच्या रचनेतला हा दोष आहे असंही पुष्कळांनी म्हटलंय. मला मात्र ग्रेडियस इथूनच आवडायला लागला.

कारण पूर्ण साज असताना तुम्ही फारसं काही ठरवत नसता, नुसतं निभावत असता. चेकपॉइंटवर रिकाम्या हातानं उभं राहिलं की प्रत्येक कॅप्सूल मोलाची होते. पहिली तुकडी कुठून येणार, ती पूर्ण मारायला कुठे उभं राहावं लागेल, लाल शत्रू कितवा, पहिली कॅप्सूल वेगाला द्यायची की साठवायची. तिसऱ्या स्टेजला, मोआईंच्या रांगांमध्ये, वेगाशिवाय उतरून बघा. ईस्टर बेटावरची ती दगडी तोंडं तोंडातून कड्या सोडतात, आणि ती फुटतात तीही उघड्या तोंडात गोळी गेली तरच. कड्या काही फार वेगानं येत नाहीत. पण सगळीकडून येतात आणि तुमच्या जहाजाला जाग येईपर्यंत वाट बुजलेली असते. तिथून परत उभं राहणं हे एक स्वतंत्र कोडं आहे. जपानी खेळाडू प्रत्येक चेकपॉइंटसाठी पुनरागमनाचा वेगळा आराखडा बसवतात आणि तो घोकतात. माझीही त्यासाठी एक वही आहे. आडव्या पानांची, प्रत्येक चेकपॉइंटला एक चौकट, त्यात बाण आणि त्रोटक सूचना: ‘पहिली वेगाला. दुसरी रांग वरून, लवकर सरक. डबल नको, मोह आवर.’ ‘मोह आवर’ हे त्या वहीत बऱ्याच ठिकाणी आहे.

खेळाची आणखी एक खोडी आहे. तुमचा साज वाढतो तशी शत्रूची आक्रमकताही आतल्या आत वाढत जाते. तुम्ही जितके सजलेले, जितका वेळ तगलेले, तितका खेळ तिखट. म्हणून काही जाणकार मुद्दाम ढाल उशिरा घेतात. मला तेवढा संयम नाही. ढाल दिसली की घेते.

अवघडपणाचा विषय निघालाच आहे तर बटणांच्या त्या प्रसिद्ध गुप्त संकेताबद्दल. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. हा संकेत लोकांना कोनामीच्याच कोन्ट्रा या खेळामुळे माहीत, पण जन्म ग्रेडियसमधला. 1986 साली ग्रेडियस फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर आणताना काझुहिसा हाशिमोतो यांना तो तपासून पाहायचा होता, आणि स्वतःलाच खेळ जमेना. म्हणून त्यांनी लक्षात राहील असा बटणांचा क्रम घालून ठेवला, जो खेळ थांबवून दाबला की जवळपास सगळा साज एकदम मिळतो. तो विक्रीच्या प्रतीतही राहिला. हाशिमोतो 2020 च्या फेब्रुवारीत गेले. करणाऱ्यालाच न जमलेला खेळ आपल्याला जमत नाही याचं मग वाईट वाटत नाही. कोनामीनं पुढे या संकेताची थट्टाही केली: सुपर फॅमिकॉमवरच्या तिसऱ्या भागात तोच क्रम जसाच्या तसा दाबला तर साज चढतो आणि लगेच जहाज फुटतं. डावं-उजवं ऐवजी खांद्यावरची दोन बटणं वापरली तरच पावतो.

मूळ यंत्राचीही एक गंमत. पहिला ग्रेडियस बबल सिस्टीम नावाच्या बोर्डवर आला. त्यात खेळ चुंबकीय बबल मेमरीवर साठवलेला असे, आणि ही मेमरी गरम झाल्याशिवाय वाचता येत नसे. म्हणून यंत्र सुरू केलं की पडद्यावर उलटी मोजणी चाले, आणि मग खेळ लोड होत असताना एक हळवी, झोपेतून उठवल्यासारखी धून वाजे. ‘मॉर्निंग म्युझिक’ म्हणतात तिला. दुकान उघडणाऱ्या माणसाशिवाय ती कुणाला फारशी ऐकू येत नसणार. ही मेमरी चुंबकाला घाबरणारी, नाजूक, त्यामुळे चालू स्थितीतले बोर्ड आता दुर्मीळ झालेत. संगीतात मिकी हिगाशिनो यांचा हात आहे, ज्यांनी पुढे सुईकोडेन या खेळाचं संगीत केलं. ग्रेडियसच्या वेळी त्या विशीतही नव्हत्या. प्रत्येक स्टेजच्या आधी थोडा वेळ मोकळं अंतराळ असतं, नुसते तारे आणि कॅप्सूल देणाऱ्या तुकड्या, आणि त्याला वेगळी धून. त्या मोकळ्या पट्ट्यात मी नेहमी खांदे सैल करते. मग ज्वालामुखी दिसायला लागतात आणि धून बदलते.

पुढच्या भागांबद्दल मी सारख्या प्रेमानं लिहू शकत नाही, कारण तितकं प्रेम सगळ्यांवर नाही.

1986 चा सॅलमँडर हा चुलतभाऊ. एकाच वेळी दोघं खेळू शकतात, एक स्टेज आडवी तर पुढची उभी, आणि पट्टी गायब: जे उचलाल ते लगेच मिळतं. मेलं तर तिथेच परत येता आणि सुटलेले ऑप्शन तरंगत असतात ते पकडता येतात. तिसऱ्या स्टेजला आगीच्या कमानी खालून-वरून उसळतात ते दृश्य त्या काळातलं अप्रतिम चित्रकाम आहे. पण पट्टी नाही म्हणजे माझ्या दृष्टीनं अर्धा खेळ नाही. पुढच्या वर्षी जपानमध्ये तो ‘लाइफ फोर्स’ नावानं परत आला तेव्हा पट्टी परत घातली होती, म्हणजे कोनामीतल्या कुणाला तरी माझ्यासारखंच वाटलं असणार.

1988 चा ग्रेडियस टू मला सगळ्यात पूर्ण वाटतो. सुरुवातीला शस्त्रांचे चार संच, त्यातला एक निवडायचा. पहिल्याच स्टेजला कृत्रिम सूर्य आणि त्यांतून झेपावणारे आगीचे साप. शेवटाकडे जुने बॉस एकामागून एक परत येतात, त्यांच्या त्यांच्या संगीतासह. आणि ‘ऑप्शन हंटर’ हा प्राणी इथे पहिल्यांदा येतो, जो मागून येऊन तुमचे ऑप्शन चोरून नेतो. याच्यावरचा माझा राग वैयक्तिक आहे. अंतिम किल्ल्यातला खेकडाही इथलाच: त्याला मारताच येत नाही, त्याच्या पायांमधून निसटायचं असतं. अख्खा खेळ गोळ्या झाडायला शिकवून शेवटी समोर असं काहीतरी उभं करायचं ज्यावर गोळी चालत नाही, याला धाडस लागतं.

तिसरा भाग, 1989. इथे मात्र करणाऱ्यांनी दात-ओठ खाऊन खेळ केला असावा. दहा स्टेज. जपानी आर्केडमध्ये हरल्यावर पैसे टाकून तिथूनच पुढे जाण्याची सोयही नाही. एका स्टेजमध्ये दृश्य अचानक जहाजाच्या मागून दिसू लागतं. फुग्यांच्या स्टेजमध्ये एक फुगा फोडला की त्याचे लहान फुगे होतात आणि सगळी जागा तेच व्यापतात. आणि मग क्यूब रश. स्फटिकांच्या स्टेजच्या शेवटी उजवीकडून चौकोनी ठोकळे येतात, जहाजाच्या दिशेनं झेपावतात आणि एकमेकांना चिकटून भिंत रचत जातात. ते कुठे जातील हे तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं, त्यामुळे नुसतं पाठांतर पुरत नाही. त्यांना हुलकावणी देत देत हव्या त्या जागी रचायला लावायचं आणि आपल्यासाठी एक फट राखायची. माझ्या वहीत या पानावर एकच शब्द आहे आणि तो इथे लिहिण्यासारखा नाही.

सुपर फॅमिकॉमवरचा तिसरा भाग त्या मानानं कनवाळू. तो 1990 च्या डिसेंबरात आला, आणि पडद्यावर गर्दी झाली की यंत्राची दमछाक होऊन खेळ संथ व्हायचा. हा त्याचा सगळ्यात मोठा दोष म्हणून सांगितला जातो. 2019 मध्ये एका चाहत्यानं त्यातला कोड बदलून तो संथपणा काढून टाकला. करून दाखवलं हे कौतुकास्पदच. पण मी तो बदललेला खेळ एकदा खेळून परत जुन्याकडे गेले. माझ्या बोटांना तो संथपणा फार मानवतो.

चौथ्या भागाबद्दल: आहे, 1999 चा आहे, पितळेसारखं वितळलेलं चकचकीत धातूचं चित्रकाम आहे. पुढे जाऊ.

ग्रेडियस गायडन, 1997, प्लेस्टेशन. आर्केडचा नसूनही या मालिकेतला सगळ्यात कल्पक भाग. चार जहाजं, दोघांना एकत्र खेळता येतं, आणि पट्टीवरच्या घरांचा क्रम स्वतः लावता येतो! ऑप्शन पहिल्या घरात आणून ठेवता येतो. एका स्टेजमध्ये मागे कृष्णविवर आहे आणि डोळ्यांदेखत स्टेजच त्यात ओढली जाते. आणि 2004 चा पाचवा भाग, प्लेस्टेशन टूवर, ट्रेझर या चमूनं केलेला, हितोशी साकिमोतो यांच्या संगीतासह. यात ऑप्शन गोठवता येतात, फिरवता येतात, रांगेत पसरवता येतात, त्यांची दिशा बदलता येते, यांपैकी एक प्रकार आधी निवडायचा. दुसऱ्या स्टेजमध्ये अचानक दुसरं विक वायपर येतं आणि तुमच्या बाजूनं लढतं. ते कोण, हे शेवटच्या स्टेजला कळतं, जेव्हा तुम्ही काळात मागे जाऊन तीच लढाई दुसऱ्या बाजूनं लढता. ऑप्शन म्हणजे तुमचाच भूतकाळ, असं मी वर म्हटलं. पाचव्या भागानं ते कथानकातच आणलं.

शेवटच्या बॉसचं सांगायचं राहिलं. ग्रेडियसच्या अखेरीस, किल्ल्याच्या गाभ्यात, एक भलामोठा मेंदू असतो. तो काहीही करत नाही. गोळी झाडत नाही, हलत नाही. त्याला धरून ठेवणारे दुवे तोडायचे, संपलं. दुसऱ्या भागात गोफर नावाचं एक प्रचंड मुंडकं असतं, ते बोलतं, धमकी देतं आणि मरतं. नवखे खेळाडू यावर हिरमुसतात. मला हा मालिकेतला सगळ्यात उत्तम विनोद वाटतो. एवढी फौज, एवढे किल्ले, एवढे मोआई, आणि आत बसलेल्याला स्वतःला हात उचलता येत नाही.

2025 च्या ऑगस्टमध्ये ‘ग्रेडियस ओरिजिन्स’ हा संच आला. पहिले तीन ग्रेडियस, सॅलमँडर, लाइफ फोर्स आणि सॅलमँडर टू यांच्या वेगवेगळ्या आवृत्त्या, वर एक अगदी नवा सॅलमँडर थ्री. काम एमटू या कंपनीचं, जुने खेळ जपण्यात त्यांचा हातखंडा आहे. यात खेळ मागे गुंडाळता येतो, हव्या त्या जागेपासून सराव करता येतो. मी मागे गुंडाळणं वापरत नाही, त्यात बढाई काही नाही. जहाज फुटण्याआधीच्या क्षणाला परत गेलं तर चेकपॉइंटवर रिकाम्या हातानं उभं राहण्याची पाळीच येत नाही, आणि मला तर तेच खेळायचं असतं. हव्या त्या जागेपासूनचा सराव मात्र भरपूर वापरते. कोणती जागा ते वेगळं सांगायला नको. ठोकळे अजून जिंकताहेत.

नव्यानं सुरू करणाऱ्यांनी सुपर फॅमिकॉमच्या तिसऱ्या भागापासून करावं, मग दुसरा आर्केडचा, मग पहिला. पाचवा मिळाला तर त्याच्या सेटिंगमध्ये मेल्यावर जागेवर परत न येता चेकपॉइंटवर जाण्याची सोय आहे, ती चालू करून बघा. गायडन आणि पाचवा या संचात नाहीत, ही एकच रुखरुख. दुसरा संच निघालाच तर गायडनमध्ये मी फाल्शन बीटा हे जहाज घेईन. त्याची ग्रॅव्हिटी बुलेट जिथे आदळते तिथे इवलंसं कृष्णविवर उघडते, आणि ऑप्शनचं घर मी अर्थातच पहिलं लावणार आहे.